बुरुजाच्या सावलीत

परवा रविवारी ऑफिसातल्या ख्रिस्ती मित्राबरोबर जुन्या गोव्यात जाण्याचा योग आला. बों जेजूची गर्दी टाळून आम्ही सेंट ऑगस्टीनच्या अवशेषांकडे वळलो. १६०२ मध्ये पूर्ण झालेल्या या चर्चचे छत १८४२ मध्ये कोसळले. उरला आहे तो जांभ्या दगडाचा, ४६ मीटर उंचीचा अर्धा बुरूज.

इथेच जॉर्जियाच्या केतेवान राणीच्या अस्थी सापडल्या. इराणच्या शहा अब्बासने तिला धर्म बदलायला सांगितले. तिने नकार दिला, म्हणून १६२४ मध्ये शिराझला तिला हालहाल करून मारले. ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिचे अवशेष गोव्यात आणले. डीएनए तपासणीनंतर २०२१ मध्ये भारताने त्या अस्थी जॉर्जियाला दिल्या.

मित्राने छातीवर खुरीस काढला. मीही नकळत हात जोडले आणि मन एकदम कुठ्ठाळीला गेले. आमचे कुलदैवत श्री मंगेश मूळचे तिथले. सोळाव्या शतकात देऊळ मोडले जाणार म्हणून पूर्वजांनी देव झुआरीपलीकडे प्रियोळला नेला. त्यांनाही धर्म सोडायचा नव्हता. १५६० पासून १८१२ पर्यंत इन्क्विझिशन चालले ते याच शहरात. म्हणजे ज्या निष्ठेने राणी संत ठरली, तीच निष्ठा इथे गुन्हा होती!

हे मित्राला सांगावे की नाही? शेवटी सांगितले. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "गेले ते तुमचे, उरले ते आमचे. भाव-भावच आसतले, न्हय रे?"

मला उत्तर सुचले नाही. बुरुजाच्या सावलीत आम्ही दोघे तसेच बसून राहिलो.