मोड आणि मजुरी

विट्याला लोक नाना कारणांनी जातात. कुणी मागावरचे कापड घ्यायला, कुणी सोयरीक जुळवायला, कुणी रेवणसिद्धाचा नवस फेडायला. मी गेलो तो एक जुनी बास गिटार विकायला. सांगलीच्या स्टँडवर माझ्या खांद्यावरची ती लांबलचक काळी पिशवी न्याहाळून कंडक्टरने विचारले, "सर, आत बंदूकबिंदूक न्हाई न्हवं?"

"वाद्य आहे," मी म्हणालो.

"मग वाजवा की जरा, तेवढीच करमणूक!"

या वाद्याचा आवाज विजेवाचून शेजारच्या खोलीतही जात नाही, हे त्याला कसे समजावणार? मी मुकाट्याने लगेजचे पैसे दिले.

मराठीच्या प्राध्यापकाकडे विजेची गिटार आली कुठून, असे वाचक विचारतील. विद्यार्थिदशेत मी एका ऑर्केस्ट्रात बास वाजवीत असे. लग्ने, गणेशोत्सव, गावोगावच्या जत्रा! रात्री दोनपर्यंत चार तारा आणि सकाळी आठला ज्ञानेश्वरीचा तास, असा माझा दिनक्रम होता. माझ्या एम.ए.ची फी या चार तारांनीच भरली. पुढे नोकरी लागली आणि गिटार माळ्यावर गेली. स्टाफरूममध्ये मी ही गोष्ट कधी काढली नाही. अखेर यंदा दिवाळीची साफसफाई करताना सौभाग्यवतींनी निर्वाणीचे सांगितले, "एक तर वाजवा, नाही तर वाजवणाऱ्याला द्या."

बास हे मोठे गरीब वाद्य. पूर्वी हा खर्ज काढायला माणसाहून उंच असा डबल बास उभा धरून वाजवावा लागे. १९५१ साली अमेरिकेत लिओ फेंडर यांनी विजेवरची बास बाजारात आणली आणि तो खर्ज गळ्यात अडकवून हिंडता येऊ लागला. जाड पोलादी तार चुंबकावर थरथरते, त्या थरथरीने वेटोळ्यात वीज उमटते आणि तिचा आवाज होतो. राहुल देव बर्मन यांच्या गाण्यांतली टोनी वाझ यांची बास आपण सर्वांनी ऐकली आहे; फक्त ऐकली हे आपल्याला ठाऊक नाही.

निघण्याआधी मी ती मिरजेला एका ओळखीच्या तंबोरे करणाऱ्या कारागिराला दाखवली होती. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिथल्या माणसाचा डोळा तो! त्याने दांडीवरून एक नजर फिरवली आणि म्हणाला, "बाक आलाय. तारांच्या ओढीनं येतो. पोटातली सळई आवळली तर थोडा निघेल, सगळा नाही." मग हसून म्हणाला, "चार तारा, आणि मागं बसून दुसऱ्याला सूर द्यायचा. म्हणजे ही आमच्या तंबोऱ्याचीच भावकी की!"

तासगावच्या गणपतीचे गोपुर मागे पडले, द्राक्षबागा विरळ झाल्या आणि माळ सुरू झाला. हा खानापूर तालुका १९४९ साली साताऱ्यातून दक्षिण साताऱ्यात आला आणि १९६० साली त्या जिल्ह्याचे नाव सांगली झाले. जिल्हा बदलला, पाऊस बदलला नाही. टेंभू योजनेचे पाणी आले ते फार उशिरा. तोवर इथल्या माणसांनी पोटासाठी एक अजब धंदा हाती धरला होता. तो म्हणजे गलाई. सोनारांच्या दुकानातला केर आणि लोकांचे जुने दागिने भट्टीत गाळायचे, तेजाबात शुद्ध करायचे आणि चोख सोने वेगळे काढायचे. दुष्काळी माळावरची ही माणसे साऱ्या हिंदुस्थानभर सोने गाळीत बसली आहेत.

माझे गिऱ्हाईक अशाच एका घरातले होते. वीस-एकवीस वर्षांचा मुलगा. दिवाळी झाली की चुलत्याच्या दुकानावर कोइमतूरला जायचा होता. सोप्यात त्याचे आजोबा बसले होते. त्यांना सगळे आप्पा म्हणत. त्यांची चाळीस वर्षे केरळात भट्टीपुढे गेलेली. गल्लीतल्या मागांचा खडखडाट अखंड चालू होता.

आप्पांनी गिटार दोन्ही हातांनी तोलली. "चार किलो भरंल. धातू किती?"

"फार नाही. लाकूडच."

"मग हिची मोड काय यायची?"

मुलगा लाजला. त्याने मित्राकडून मागून आणलेला अॅम्प्लिफायर जोडायला घेतला, आणि नेमकी वीज गेली. गल्लीतले माग एकदम थांबले. एवढी शांतता झाली की आतल्या खोलीतले घड्याळ ऐकू येऊ लागले. मुलगा जरा थांबला. मग त्याने गिटारीच्या लाकडाला हनुवटी टेकवली आणि जाड तार छेडली. तो नाद त्याच्या हाडांतून त्याला ऐकू येत होता, हे मला ठाऊक होते. मीही असाच शिकलो होतो.

"झकास आहे सर," तो म्हणाला.

आता खरे सांगतो. आवाजाचे बटण फिरवले की ही गिटार खरखरते. वीज असती तर त्याला ते क्षणात कळले असते. वीज नव्हती. दांडीचा बाकही नवख्याच्या ध्यानात येण्यासारखा नव्हता. मी नऊ हजार मनाशी धरून आलो होतो, आणि ते आता सहज पदरात पडत होते.

आप्पा माझ्याकडेच पाहत होते. "सर, घट किती?"

मला तो शब्द आधी उमगला नाही. मग उमगला. जुन्या दागिन्यातून डाग, मळ, हिणकस जे वजा करायचे, ती घट. मी बाक सांगितला, खरखर सांगितली. अंगावरचे ओझे उतरल्यासारखे झाले.

"मग आता भाव बोला."

"सहा हजार."

"मनात किती हुतं?"

"नऊ."

"वरलं तीन काय समदी घटच?"

मी हिशेब केला. दुरुस्तीला हजारभर लागले असते. बाकीचे दोन हजार कशाचे, ते सांगता येईना. त्या माझ्या रात्री होत्या. पहाटेच्या गाड्या, बोटांवरचे घट्टे, भरलेली फी.

"मजुरी असंल," आप्पाच म्हणाले. "बाया येत्यात, रडत्यात. आईनं केलेला डाग हाय म्हणत्यात. पर मोडीत मजुरी धरत न्हाईत, सर. ज्येनं अंगावर घातला त्येनं ती फेडून घेतल्याली असती."

त्यांनी बंडीतून पैसे काढून सहा हजार मोजले. मुलाने गिटार पिशवीत घातली. मी विचारले, "कोइमतूरला वाजवायला मिळेल?"

"रात्री भट्टी विझली की," तो म्हणाला. "मोठ्यानं नाही वाजवता आलं तरी मला ऐकू येतं, सर."

मी स्टँडकडे निघालो तेव्हा वीज आली आणि माग पुन्हा सुरू झाले.

घरी सौभाग्यवतींनी विचारले, "किती आले?"

"सहा."

"नऊ म्हणत होता ना?"

"हजार घटीत गेले, दोन मजुरीचे बुडाले," मी आप्पांची भाषा वापरून पाहिली.

त्यांनी पैसे मोजून कपाटात ठेवले. "मजुरी कशाला बुडेल?" त्या म्हणाल्या. "एम.ए. झालात ना तिच्यावर?"