दोन खोल्या आणि एक अंगण

भाऊबंदकी शेताच्या बांधावरून होते, असा आपला समज असतो. आमच्या घरात मात्र यंदा ती अंगणावरून व्हायची वेळ आली होती.

आमचे गाव बुलढाणा जिल्ह्यात, मेहकरपासून कोसभर आत. मी नागपुरास एका कॉलेजात मराठी शिकवतो. पूर्वी गावी जायचे म्हणजे अख्खा दिवस मोडे. 2022 च्या डिसेंबरात समृद्धी महामार्ग शिर्डीपर्यंत खुला झाला, तेव्हापासून सकाळचा चहा नागपुरात आणि दुपारची भाकरी आईच्या हातची, असे जमते. तसाच जूनमध्ये गेलो, तो अंगणात चुन्याच्या फक्कीने दोन चौकोन आखलेले. दादाच्या मुलाचे लग्न ठरले होते. मुलीकडच्यांनी सोयरीक पसंत केली, पण जाता जाता खोल्या मोजल्या. नव्या जोडप्याला आपली म्हणून एक खोली हवी, यात गैर काय? तेव्हा अंगणात दोन खोल्या काढून वर स्लॅब टाकायचा, असा दादाचा बेत होता.

आमचे घर धाब्याचे. दीड-दोन हात रुंदीच्या मातीच्या भिंती, सागाचे खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर कड्या, आणि सगळ्यांवर हातभर माती. दरसाल पावसाळ्याच्या तोंडावर धाब्यावर खारी माती पसरायची, नाही तर मृगाची पहिली सर थेट उतरंडीत. अशा घरांचे माप चौरस फुटांत नसते, खणांत असते. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. घरात माणूस वाढले की खण वाढवायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. माझ्या आजोबांनी दोन खण वाढवले, वडिलांनी सपरी पुढे ओढली. पण अंगणाला कोणी हात लावला नव्हता.

मी अर्थातच अंगणाची बाजू घेतली. भाद्रपदी पुनवेपासून कोजागिरीपर्यंत इथे भुलाबाईची गाणी होत, तुळशीचे लग्न इथेच लागे, वगैरे वगैरे. माझे व्याख्यान बरे चालले होते. दादा शांतपणे म्हणाला, "फ्लॅटात तू राह्यतोस, अन् अंगण आमच्या इथं ठेवाले देल्लं!"

यावर उत्तर नव्हते. परगावी राहणाऱ्या भावाचे प्रेम नेहमी त्याच जागेवर असते, जी झाडावी दुसऱ्याला लागते.

म्हणून मी भावना बाजूला ठेवून घराकडे नीट पाहिले, आणि चाळीस वर्षांत प्रथमच लक्षात आले की आमच्या घराला बाहेरच्या बाजूने खिडकीच नाही! मागच्या भिंतीत हातभर उंचीचा एक झरोका आहे, तेवढाच. चोराचिलटाच्या भयाने म्हणा, की उन्हाच्या, जुन्या लोकांनी रस्त्याकडे पाठ केली आणि सगळी दारे-खिडक्या अंगणाकडे उघडली. म्हणजे अंगण हीच या घराची खिडकी. उन्हाळ्याच्या रात्री उघड्या आकाशाखाली ही जमीन भराभर निवते, तिथली गार हवा जड होऊन बसते आणि उघड्या दारांतून हळूहळू आत शिरते. जाड भिंती दिवसभर ऊन अडवून धरतात आणि रात्री थोडेथोडे सोडतात. अंगण बुजवले तर दोन खोल्या मिळतील, पण स्वयंपाकघर आणि माजघर ही दोन काळोखात जातील. बेरीज शून्य!

शेजारी हे घडून गेलेले होते. तिथे भावाभावांत वाटणी झाली, अंगणाच्या मधोमध भिंत आली आणि एका वाट्यात घरकुल उभे राहिले. 2016 पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेत किमान 25 चौरस मीटरचे घर बांधायचे असते आणि सपाटीच्या भागात त्यासाठी 1 लाख 20 हजार रुपये मिळत. ज्याला छप्पर नाही त्याला ते मोठेच आहे. त्याला अंगणाचे तत्त्वज्ञान सांगणे हा चावटपणा होईल. पण नव्या घराचे जोते उंच झाल्यामुळे पावसाचे पाणी जुन्या भिंतीच्या बुडाशी तुंबले, लोणा लागला, आणि दोन पावसाळ्यांत मातीची भिंत खालून कुरतडल्यासारखी झाली.

हे सारे दादाला पटत होते आणि पटतही नव्हते. मधेच नव्या सोयऱ्यांकडे जायचे निघाले. सुलतानपूरला लोणारचा फाटा मागे टाकून, दुसरबीडवरून आम्ही सिंदखेडराजास गेलो. परतताना लखुजी जाधवांच्या वाड्यात शिरलो. 12 जानेवारी 1598 हा जिजाऊंचा जन्मदिवस मानतात. त्या तारखेला इथे पाय ठेवायला जागा नसते. एरवी शांत असते. जुन्या मुंबई-नागपूर रस्त्यालगत तो प्रचंड दरवाजा उभा आहे. त्याच्यासमोर माणूस आपोआप हळू बोलू लागतो. मला वाटले होते, इथे दादाला वाडा कसा रचतात ते दाखवावे. पण आत बऱ्याच ठिकाणी छपरे गेली आहेत, जोती उरली आहेत. मी हातवारे करून समजावू लागलो. दादा इकडेतिकडे पाहून म्हणाला, "बापू, इथं तं सगळंच अंगण झालं!"

दोघेही हसलो. माझा मुद्दा तिथेच पडला, पण अबोला सुटला.

मग एक म्हातारे मिस्त्री आणले. सपरीवर माडी चढवता येईल का, असे मी विचारले. त्यांनी भिंतीवर मूठ आपटून पाहिली. "गुरुजी, हे भित आपलंच ओझं उचलते थेच लय झालं. हिच्या डोक्यावर माडी चढवसान तं खाली येईन." मग ते अंगण ओलांडून समोरच्या कोठ्यात गेले. तीन खणांचा कोठा, गुरांचा. आत पाइपांची भेंडोळी, खतांची रिकामी पोती. बैलजोडी विकून पाच वर्षे झाली होती. शेत ट्रॅक्टरवर चालले होते. "हा रिकामाच हाय न?" मिस्त्री म्हणाले. "हा पाडा, नव्या पायातून पिल्लर घ्या, खाली एक खोली, वर एक. अंगणातनं फक्त जिन्यापुरते तीन हात जातीन."

इतका सोपा उपाय कोणाला कसा सुचला नाही? दादाकडे पाहिले, तर तो गव्हाणीच्या दगडावर हात ठेवून उभा. तेव्हा उलगडा झाला. उपाय त्याला आधीच दिसला होता. पोळ्याला तो अजूनही या कोठ्याच्या दाराला तोरण बांधतो, हे वहिनींनी मागाहून सांगितले. कोठा पाडला म्हणजे बैल पुन्हा येणार नाहीत हे कबूल केल्यासारखे होते. त्यापेक्षा अंगण गेलेले त्याला चालले असते. मी भुलाबाईवर व्याख्याने देत होतो आणि माझा भाऊ बैलांविषयी एक शब्द बोलला नव्हता.

निकाल आईने लावला. "तुले अंगण पाह्यजे, याले कोठा पाह्यजे. उन्हाळ्यात मी बाज कुठी टाकू, हे इचारलं का कोनी?"

पावसाळा उलगडल्यावर कोठा उतरवला. सागाचे खांब निघाले ते नव्या खोलीच्या दारांना लागले. गव्हाणीचा दगड चौघांनी मिळून अंगणात निंबाखाली आणला. त्यात आता चिमण्यांसाठी पाणी असते. दसऱ्याला मी गेलो तेव्हा खालच्या खोलीचा गिलावा ओला होता. आईने बाज ओढत आणून अंगणात आधी आडवी टाकली, मग उभी.

"पाव्हने आले तरी चार बाजा बसतीन," ती म्हणाली.

"जिना व्हायचा हाय अजून," दादा म्हणाला.

आईने बाज आणखी हातभर सरकवली.