पाहणारा एक

जुन्या शहरातील आमच्या घराच्या माडीवर रात्री नऊ वाजता दिवा लागतो आणि आमचा धाकटा मुलगा मोबाइलसमोर बसून न दिसणाऱ्या मंडळींशी बोलू लागतो. तो व्हिडिओ गेम खेळतो आणि खेळता खेळता तो जगाला थेट दाखवतो. या उद्योगाला स्ट्रीमिंग म्हणतात, हे आम्हांस पन्नाशी उलटल्यावर कळले. मोर्णेपलीकडच्या महाविद्यालयातून तो हे वेड घेऊन आला, अशी आमची समजूत झाली आणि आम्ही त्याची यथेच्छ थट्टा केली. थट्टेने मुले सुधारत नाहीत, दार मात्र लावून घेतात. त्यानेही लावून घेतले.

गेल्या पावसाळ्यात त्याने संगणकासाठी पैसे मागितले. आम्ही नकार दिला, एवढ्यावरच न थांबता "तुला पाहतो तरी कोण?" असेही विचारून गेलो. तो काही बोलला नाही, पण त्या रात्री जेवायला खाली उतरला नाही. त्याच्या आईने ताट झाकून ठेवले. आमच्याही घशाखाली घास उतरेना. अखेर आम्ही अंथरुणावर पडल्या पडल्या आमच्या मोबाइलवर त्याचे प्रक्षेपण उघडले. 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' हा लढाईचा खेळ चालू होता. प्रेक्षकसंख्येच्या जागी एकचा आकडा होता. आणि माडीवरचा आमचा मुलगा म्हणत होता, "या, बसा. आज आपल्याकडे एक पाहुणे आलेत. कुठून पाहताय?"

ते पाहुणे आम्हीच होतो. उत्तर कसे लिहावे हे आम्हांस ठाऊक नव्हते. इतक्यात गोळीबार सुरू झाला, त्याचे सारे लक्ष तिकडे गेले आणि पुढची दहा मिनिटे तो एक शब्दही बोलला नाही. पाहुणा दारात तसाच उभा राहिला.

सकाळी आम्ही चहाच्या वेळी कबुली दिली. तो आधी ओशाळला, मग म्हणाला, "बाबा, तुम्ही होते काय ते? मंग काहून नाही बोलले?" आम्ही म्हटले, "तूच कुठे बोलू दिलेस?" दोघेही हसलो. त्या दिवसापासून नवख्याने कोणता खेळ निवडावा, हा प्रश्न आमच्या घराचा झाला.

आठवडी बाजारात ज्या ओळीत शंभर जण तूरडाळ विकतात, तेथे एकशे एकावा जाऊन बसला, तर गिऱ्हाईक त्याच्यापर्यंत पोहोचण्याआधीच पिशवी भरलेली असते. गाजलेल्या खेळाचे असेच आहे. जेथे आधीच गर्दी, तेच लोकांच्या नजरेस आधी पडते. उलट, गावाबाहेर एकट्याने पाल ठोकावे, तर तिकडे कोणी फिरकत नाही. ज्या खेळाचे नावच कोणी शोधत नाही, त्याचे हे भाग्य.

शिवाय एकाच खेळावर घर बांधण्यात धोका असतो. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने 'पबजी मोबाइल'वर बंदी घातली. त्याच्या जागी जुलै २०२१ मध्ये आलेला 'बॅटलग्राउंड्स' जुलै २०२२ मध्ये अ‍ॅपच्या दुकानांतून काढला गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. ज्यांचे प्रेक्षक केवळ त्या खेळापायी येत होते, त्यांच्या अंगणातून ते एका रात्रीत निघून गेले असतील. जे माणसापायी येत होते, ते दुसऱ्या खेळालाही आले असतील.

'अमंग अस' हा खेळ २०१८ मध्ये निघाला. दोन वर्षे त्याची फारशी दखल कोणी घेतली नाही. २०२० मध्ये तो स्ट्रीमिंग करणाऱ्यांच्या हाती पडला आणि जगभर पोहोचला. त्या खेळात माणसे एकमेकांवर संशय घेतात, आरोप करतात, स्वतःची बाजू मांडतात. म्हणजे संभाषण हाच त्यातला खेळ. आम्हांस जे हवे होते, त्याचे मर्म येथे सापडले.

पुण्यातील नॉडिंग हेड्स या संस्थेने घडविलेला, २०२० मध्ये आलेला 'राजी' हा कथेचा खेळही मुलाने सुचविला. आपल्या मातीतला म्हणून तो आम्हांस भावला. परंतु कथा संपली की दुसरा खेळ विकत आणावा लागतो. शेवटी बुद्धिबळाकडे वळलो. ते साध्या मोबाइलवर फुकट खेळता येते, आणि लांब वेळेचा डाव घेतला तर दोन चालींच्या मध्ये चार वाक्ये बोलायला सवड मिळते. २०२० च्या टाळेबंदीत विनोदवीर समय रैना याने बुद्धिबळाचे प्रक्षेपण आरंभिले, तेव्हा तो काही निष्णात खेळाडू नव्हता. नाशिकचा ग्रँडमास्टर विदित गुजराथी त्याच्यासोबत रमला आणि लोकही रमले. त्यातच २०२५ च्या जुलैमध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने बाटुमी येथे महिला विश्वचषक जिंकला. आपल्या विदर्भातली मुलगी विश्वचषक आणते म्हटल्यावर, 'हा खेळ पाहील कोण?' असे विचारायला आम्हांस तोंड उरले नाही.

आता मुलगा वऱ्हाडीत बोलत डाव मांडतो, हरला तर कोठे चुकला हे मोकळेपणाने सांगतो. पाहणारे कधी सात असतात, कधी बारा. यातून पोट भरेल, असा भ्रम त्याला नाही व आम्हांसही नाही. अभ्यास आणि परीक्षा आपल्या जागी आहेत. संगणक अद्याप घेतलेला नाही. पण रात्रीचे जेवण आता नऊच्या आधी, सगळ्यांचे एकत्र होते.

वाचकहो, आपल्या घरीही असे एखादे लावलेले दार असेल, तर 'तुला पाहतो कोण?' हा प्रश्न विचारण्याआधी एकदा आपणच पाहून यावे. आम्ही आता उत्तर लिहायला शिकलो आहोत. काल त्याने विचारले, "कुठून पाहताय?" आम्ही लिहिले, "खालच्या खोलीतून. घोडा सांभाळ."