कथा नसलेली कन्या

थोरामोठ्यांची चरित्रे वाचून माणूस शहाणा होतो म्हणतात. मला मात्र ज्यांना चरित्रच नाही, अशी माणसे फार आवडतात. ग्रीक पुराणांतली गलेनी त्यांतलीच.

समुद्रवृद्ध नीरियस आणि डोरिस यांना पन्नास मुली. इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमारास हेसिअड कवीने 'थिऑगनी' या काव्यात त्यांची नावे ओळीने सांगितली. गंमत अशी, की हा कवी स्वतःच्या सांगण्याप्रमाणे एकदाच गलबतात बसला होता. तोही ऑलिसहून समोरच्या युबीआ बेटावर जाण्यापुरता!

या बहिणींपैकी थेटिसला कथा आहे. तिचा अकिलीज ट्रॉयच्या युद्धात पडला. गॅलटियाला कथा आहे. तिच्या प्रियकराला एका एकाक्ष राक्षसाने खडकाखाली चिरडले. गलेनीला ना लग्न, ना शाप, ना पुत्रशोक. तिच्या नावाचा अर्थच मुळी निवांत समुद्र. आणि समुद्र निवांत असला की घडायचे काय? गलबत बंदराला लागते, खलाशी घरी येऊन जेवतो. कवीने यावर लिहावे तरी काय?

पण ज्यांचे पोट समुद्रावर, त्यांना तिची किंमत ठाऊक असणार. कॉरिंथजवळ पोसायडनच्या मंदिरात तिची मूर्ती असल्याचे दुसऱ्या शतकातल्या पॉसेनिअस या प्रवाशाने नोंदवले आहे. प्रसिद्ध वैद्य गॅलेनचे नावही त्याच शब्दावरून आलेले. आपली आई रागाच्या भरात दासींना चावत असे, असे त्यानेच लिहून ठेवले आहे. अशा घरात मुलाचे नाव 'शांत' का ठेवले असेल, हे संसारी वाचकांना सांगायला नको!

आमच्या घराण्याची सात पिढ्यांची वंशावळ आहे. तीत कोणा पूर्वजाने हरलेला दावासुद्धा नोंदला आहे. मुलींच्या जागी मात्र 'कन्या दोन', 'कन्या चार'. त्या चारांतली एक आजोबांची बहीण. आम्ही तिला आत्याच म्हणत असू. ती होती तोवर घरातले भांडण कधी उंबऱ्याबाहेर गेले नाही. तिची एखादी गोष्ट सांगा म्हणाल, तर मला एकही सांगता यायची नाही.

हेसिअडने 'कन्या पन्नास' म्हणून भागवले नाही. गेल्या भाऊबीजेला मी वंशावळ काढून बसलो. सासरी नावे बदललेली. माहेरची शोधता शोधता तुळशीचे लग्न आले. तीन सापडली. चौथीची जागा अजून रिकामी ठेवली आहे.