उस्तादांचा रिपोर्ट

बंगळूरला पोस्टिंग आली की शिवाजीनगर हे नाव मराठी माणसाला उगीच आपलं वाटतं. बसवरची पाटी वाचूनही बरं वाटतं. प्रत्यक्षात हा जुन्या कॅन्टोन्मेंटचा बाजार. रसेल मार्केटच्या मागच्या गल्ल्यांत घरं इतकी खेटून की भर दुपारीही खाली सावलीच.

बेळगावला रिक्रूट असताना आम्हाला परेड शिकवणारे एक उस्ताद इथेच भाड्याने राहतात. पेन्शन आहे, पण धाकटीचं शिक्षण बाकी, म्हणून सिक्युरिटीत रात्रपाळी करतात. सकाळी सुटायचं, खोलीवर येऊन पडदा ओढायचा आणि झोपायचं. चोवीस वर्षं उन्हात काढलेल्या माणसाला आता ऊन भेटतं ते बसच्या काचेतून. त्याचा उपयोग नाही, कारण ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण काच अडवते.

मागच्या रविवारी त्यांनी रिपोर्ट दाखवला. ड जीवनसत्त्व ११. २० च्या खाली कमतरता धरतात. उपाशीपोटी साखर १३८. १२६ च्या पुढे मधुमेह. कुणीतरी सांगितलं, ड वाढलं की साखर आपोआप उतरते. उस्तादांनी साखरेची गोळी सोडून साठ हजार युनिटच्या पुड्या सुरू केल्या होत्या.

मी आमच्या युनिटच्या डॉक्टरसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, दोन्ही आकडे बरेचदा एकत्र बिघडतात, पण म्हणून एकामुळे दुसरा बिघडला असं होत नाही. ड जीवनसत्त्व चरबीत साठतं, त्यामुळे पोट सुटलेल्यांच्या रक्तात ते कमी दिसतं. बसून राहणं, उन्हात न जाणं याने दोन्हीकडे नुकसान. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या २,४२३ लोकांवर प्रयोग झाला, २०१९ साली निकाल आला. रोज ४,००० युनिट घेणाऱ्यांपैकी २९३ जणांना मधुमेह झाला, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी ३२३ जणांना. एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. अर्थात त्यातल्या बहुतेकांना ड ची कमतरता नव्हतीच, हेही साहेबांनी सांगितलं. कमतरता असेल तर हाडांसाठी पुडी घ्यावीच; पण ती साखरेच्या गोळीची बदली नव्हे.

“वजन तर डिस्चार्जच्या वेळचंच आहे,” उस्ताद म्हणाले. पट्टा मात्र दोन भोकं पुढे गेलेला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला होता. उंचीच्या मानाने वजन, म्हणजे बीएमआय, दोघांचाही २२.३. चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. आपल्याकडे काटा असा फसवतो.

“म्हणजे मी आतून जाडा?” उस्ताद हसले. रिक्रूटवर हसायचे तसेच.

गोळी पुन्हा सुरू झाली. पुडी डॉक्टरांनी सांगितली तेवढे आठवडे. त्यांनी दिवसपाळीही मागितली आहे. सुपरवायझर म्हणतो, दिवसाला पगार दीड हजाराने कमी. मुलीची फी जूनमध्ये भरायची आहे. उस्तादांनी अजून उत्तर दिलेलं नाही.