फुली

ओसाकाच्या दोतोनबोरीत, गाडीवरच्या त्या माणसाने आमचा कागद वाचला आणि दोन्ही हात छातीपुढे आडवे धरून फुली केली. माझ्या पोटात खड्डा पडला. इथेसुद्धा?

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही माझ्या धाकट्या भावाकडे गेलो होतो. तो ऑफिसला गेला, म्हणून दोघंच नकाशा घेऊन निघालो. नाम्बा स्टेशनला उतरायचं, दोतोनबोरीच्या कालव्याकाठी खात खात फिरायचं, मग कुरोमोन बाजार. खाण्यापायी कंगाल होणं याला ओसाकात 'कुइदाओरे' असा खास शब्द आहे. आम्ही मात्र पाऊण तास नुसता वास घेत चाललो होतो. ओकोनोमियाकीच्या तव्यावर डुकराच्या मांसाच्या पट्ट्या. कुशिकात्सु, म्हणजे काडीला लावून तळलेलं मांस किंवा भाजी. ते बऱ्याचदा प्राण्यांच्या चरबीत तळतात.

राहिली ताकोयाकी. आपल्या आप्पेपात्रासारखंच लोखंडी पात्र. त्यात गव्हाचं पातळ पीठ ओततात, मधे ऑक्टोपसचा तुकडा टाकतात आणि टोचणीने भराभर फिरवून गोल गोळे करतात. वर काळपट सॉस, मेयॉनीज आणि सुकवलेल्या माशाचा पातळ कीस, जो वाफेने जिवंत असल्यासारखा हलतो.

आता आमच्या घरची गोष्ट. मी कोकणी, शाफई. आम्हाला समुद्रातलं जवळपास सगळं चालतं. हे मराठवाड्याचे, हनफी. मासा सोडला तर समुद्रातलं बाकी काही नको. लग्नानंतर मी पहिल्यांदा खेकडे आणले तेव्हा सासूबाईंनी त्यासाठी भांडं वेगळं काढून दिलं. वीस वर्षं झाली, ते अजून वेगळंच आहे. म्हणजे ताकोयाकी खाणार ती मी एकटीच.

भावाने जपानीत लिहून दिलं होतं: आम्ही मुस्लिम आहोत, यात डुक्कर किंवा दारू आहे का? त्यावर ही फुली. मी कागद ओढून घेतला आणि ह्यांना म्हटलं, "चला." भाड्याने घर शोधताना नाव सांगितलं की "कालच गेलं हो" हे इतक्यांदा ऐकलंय, की नकार कळायला मला भाषा लागत नाही.

दहा पावलं गेलो असू. मागून हाका. तो माणूस पात्र सोडून, रांग तशीच ठेवून धावत आला होता. हातात सॉसची मोठी बाटली. लेबलावरच्या एका ओळीवर बोट ठेवून त्याने फोन पुढे धरला. भाषांतर आलं: डुकराचा अर्क. मग त्याने पुन्हा तीच फुली केली, या वेळी बाटलीकडे बघून. आणि वर वाकून माफी मागितली, जणू सॉस त्यानेच बनवला होता.

मला फार शरम वाटली.

त्याने आम्हाला परत नेलं. पिठाचं पाकीट काढून मागची बारीक अक्षरं शेवटपर्यंत वाचली आणि डोक्यावर दोन्ही हातांचा गोल केला. चालेल! आठ गोळे, वर नुसतं मीठ. भाऊ रात्री म्हणाला, मुळात 1935 साली ओसाकाच्या आइझुया दुकानात ताकोयाकी सुरू झाली तेव्हा वर सॉस नव्हताच, तिथे आजही तशीच खातात. म्हणजे आम्ही काही बिघडवून खाल्लं नव्हतं.

बिस्मिल्लाह म्हणून पहिला गोळा तोंडात टाकला आणि जीभ भाजली. बाहेरून निवल्यासारखा दिसतो, आत उकळता रस्सा. हे माझी पर्स धरून उभे.

"कसं लागतं?"

"म्हाकळीसारखं."

"म्हणजे मला काय कळणार?"

कुरोमोनजवळ ह्यांच्यासाठी भाजलेलं रताळं दिसलं. मी सवयीने कागद काढून विकणाऱ्या बाईंपुढे धरला, तर ह्यांनी माझा हात खाली केला. "अगं, रताळ्यात काय असणार आहे?"