तारांकित राणी

संपादकांनी फोनवर बजावलं, ‘नावांवर लिहा, पण व्युत्पत्ती फार नको.’ म्हणजे आचाऱ्याला बोलवायचं आणि चूल पेटवू नका म्हणायचं. तरी होकार दिला, कारण एक नाव उन्हाळ्यापासून डोक्यात घोळत होतं: ऱ्हिआनन.

कार्डिफला स्थायिक झालेल्या एका मराठी जोडप्याने मुलीसाठी ते हेरलं होतं. घरात रिया, शाळेत ऱ्हिआनन. ‘अर्थ महाराणी, आणि ती केल्टिक देवी, बरोबर ना?’ माझ्याकडून फक्त ‘हो’ हवं होतं. मी बराच वेळ बोललो, आणि ते दोघं अखेर नाराजच झाले.

हे नाव भेटतं ‘मॅबिनोगी’ या मध्ययुगीन वेल्श कथाचक्रात. चौदाव्या शतकातली ‘पांढरी पोथी’ आणि तिच्या मागोमागची ‘तांबडी पोथी’ यांमुळे त्या कथा टिकल्या. त्यांत ऱ्हिआननला कुठेही देवी म्हटलेलं नाही. ‘महाराणी’ हा अर्थ आम्हा भाषाशास्त्रज्ञांकडून आला. आम्ही नाव मागे नेत नेत *रीगान्तोना या रूपापाशी पोचतो. डोक्यावरची तारका छपाईची चूक नव्हे. हे रूप कुठल्याही शिलेवर, पोथीत सापडलेलं नाही, ध्वनिनियम उलटे चालवून बांधलं आहे, एवढं ती सांगते. स्वरांमधला ग् वेल्शमध्ये लोपतो, न्तचा न्न होतो, शेवटचा आ गळतो. करून पाहा, ऱ्हिआनन उरते. (संपादक, क्षमस्व.) यातलं ‘रीग्’ म्हणजे राजा. लॅटिन ‘रेक्स’ आणि आपला ‘राजा’ त्याच मुळातले, म्हणून राणी आणि ऱ्हिआनन यांचं लांबचं नातं आहे. लांबचंच. वेल्श संस्कृतातून निघाली, असे निरोप मला दर महिन्याला येतात. दोन्ही भाषा एकाच पूर्वजाच्या, हे उत्तर पाठवलं की पुढे शांतता.

नियमांवर माझा विश्वास आहे. ‘मात्रोना’ हे देवतानाम कोरीव लेखांत प्रत्यक्ष आहे, आणि वेल्श कथांत तेच ‘मोद्रोन’ होऊन येतं. तेव्हा रूपाबद्दल भांडण नाही. भांडण देवीबद्दल आहे. डब्ल्यू. जे. ग्रिफिद यांनी 1953 च्या ‘ऱ्हिआनन’ या ग्रंथात एक देखणा युक्तिवाद केला. कथेत ऱ्हिआननचं हरवलेलं बाळ तेयर्नॉन नावाच्या सरदाराला सापडतं. त्याच्या नावाचं जुनं रूप *तिगेर्नोनोस, म्हणजे ‘थोर स्वामी’. थोर स्वामी आणि थोर राणी. म्हणून मुळात तोच बाळाचा बाप असावा, हे दैवी जोडपं असावं. वर्गात हे सांगताना मुलं पुढे सरकून बसत. मलाही ते अजून मोहवतं. पण इथे एका तारकेला साक्षीदार कोण, तर दुसरी तारका! मग अश्वदेवता एपोनाला बोलावतात, कारण ऱ्हिआननचा घोड्याशी संबंध आहे. एपोनाचे लेख रोमन साम्राज्यभर सापडतात, हे खरं. ऱ्हिआननचा एकही नाही.

आणि लोकप्रियता? मध्ययुगात वेल्समध्ये मुलींना हे नाव ठेवण्याची रीत नव्हती. लेडी शार्लट गेस्ट यांच्या इंग्रजी अनुवादाचे भाग 1838 पासून निघू लागले आणि कथा वेल्सबाहेर पोचल्या. नाव म्हणून ते रुळलं विसाव्या शतकात. कादंबरीकार ऱ्हिआनन डेव्हिस जोन्स यांचा जन्म 1921 चा. मग ‘फ्लीटवूड मॅक’ या बँडचं याच नावाचं 1975 चं गाणं आलं आणि नाव जगभर गेलं. गाणं लिहिणाऱ्या स्टीव्ही निक्स यांना हे नाव मेरी लीडर यांच्या ‘ट्रायाड’ कादंबरीत भेटलं होतं. वेल्श कथा त्यांना नंतर कळली. शास्त्राने इतकी वर्षं खपून जे झालं नाही, ते एका गाण्याने झालं. मला याचा थोडा मत्सर वाटतो.

चीड वेगळ्याच गोष्टीची आहे. देवी म्हटलं की कथेतली बाई पुसली जाते. डवेडचा राजा पुइल घोडा फेसाटेपर्यंत तिच्या मागे धावतो. ती संथ चालीत असूनही सापडत नाही. शेवटी तो थांबायची विनंती करतो, तेव्हा ती थांबते आणि सुनावते की हे आधीच विचारलं असतंस तर घोड्याचे हाल वाचले असते. पुढे त्यांचं लग्न होतं, आणि त्यांचं बाळ नाहीसं होतं. पहाऱ्यावरच्या बायका कुत्रीच्या पिल्लांचं रक्त तिच्या तोंडाला फासून तिनेच पोर खाल्लं म्हणून सांगतात. शिक्षा अशी, की सात वर्षं वेशीपाशी बसायचं, येणाऱ्याला आपली कथा ऐकवायची आणि पाठीवरून राजवाड्यात न्यायची तयारी दाखवायची. आळ खोटा ठरतो तो बाळ परत आल्यावर. हे त्या जोडप्याला सांगितलं, तर ‘अय्या, नको मग’ असा सूर लागला. मला वाटतं, नाव ठेवायचं तर याच बाईसाठी ठेवावं.

उच्चाराचं एक राहिलं. आघात मधल्या ‘आन’वर द्यायचा. वेल्श ऱ्ह घोष नसलेला, आपल्या ‘ऱ्हास’मधला सघोष, तरी इंग्रजांच्या सपाट र पेक्षा आपण बरेच जवळ आहोत. तेव्हा देवनागरीत ‘रियानन’ लिहू नका.